घोडा झाला, घोडी राहिली

‘घोडा’ या शब्दाच्या निरनिराळ्या अर्थांच्या चर्चेत बंदुकीचा घोडा आणि बुद्धिबळातला अडीच घरांचा घोडा येऊन गेलेत, पण तंबोऱ्याची घोडी राहिलीच की! तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, बसवलेली ही रुंद पट्टी. चारही तारा तिच्यावरून जातात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा घालून हळूहळू सरकवायचा, नेमक्या जागी आला की जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा भरीव नाद, खुलते. तारांनी घोडीवर चरे पाडले असतील तर दोरा कितीही हलवा, आवाज बसकाच. मग पृष्ठभाग घासूनच घ्यावा लागतो. आम्हा बेळगावकरांना मिरज जवळ, तिथले कारागीर हे काम करतात. आपल्याकडच्या कन्नडमध्येही वीणेच्या घोडीला ‘कुदुरे’, म्हणजे घोडाच म्हणतात.

आता म्हणींबद्दल: ‘घोडं पेंड खातं’ हे काम अडतं त्या जागेबद्दल, नुसत्या उशिराबद्दल नव्हे. उशिरासाठी ‘वरातीमागून घोडं’ आहेच. घोडचूक, घोडनवरी यांतलं ‘घोड’ मात्र फक्त आकार किंवा वय वाढवतं.