क्षयरुग्णांना वर्ष-वर्ष सॅनेटोरियममध्ये का ठेवत असत?

कृष्णाकाठ:
घरातील जुने कागद लावताना आजोबांची १९४९ सालची पत्रे सापडली. तेव्हा ते मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या क्षयरुग्णालयात होते. दिवसातून चार वेळा ताप पाहतात, दुपारी दोन तास बोलण्याचीही मनाई असते आणि दर पंधरवड्याला ‘हवा भरून घ्यायला’ जावे लागते, असे त्यांत वारंवार येते. हवा भरणे म्हणजे नेमके काय? आणि माणसाला चौदा महिने घरापासून दूर ठेवण्यामागे काही शास्त्र होते, की रोग्याला गावाबाहेर काढण्याची ती सोय होती?

जुनी_ओपीडी:
दोन्ही होते, असे मला वाटते. बरगड्यांमधून पोकळ सुई घालून फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये मोजून हवा सोडत, म्हणजे रोगट फुप्फुस दबून स्थिर राही आणि त्यातील पोकळी मिटण्याची आशा असे. मोडलेल्या हाताला फळ्या बांधतात, त्यातलाच हा विचार. ही हवा हळूहळू शरीरात शोषली जाई, म्हणून ती पुन्हा पुन्हा भरावी लागे. फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेले असेल तर हा उपाय चालत नसे. मग काहींच्या बरगड्याच कापून काढत.

विश्रांती आणि मोकळी हवा यांवरचा भर मात्र याहून जुना आहे. जर्मन डॉक्टर ब्रेमर यांनी सायलेशियातील गोर्बर्सडॉर्फ येथे १८५४ मध्ये असे आरोग्यधाम काढले, तेव्हा कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवायला अजून २८ वर्षे होती. आपल्याकडे अजमेरजवळ तिलोनियाला १९०६ मध्ये असे आरोग्यधाम निघाले आणि पाचगणीला १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरियांचे बेल एअर सुरू झाले. तरी देशातील आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात सुमारे २५ लाख क्षयरुग्णांमागे खाटा जेमतेम ६ हजार दिसतात. म्हणजे ज्याला खाट मिळाली तो नशीबवान.

पूर्वरंग:
पुढे औषधे आली आणि सॅनेटोरियमे ओस पडली, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. स्ट्रेप्टोमायसिन, ‘पास’ (पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल) आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड ही क्षयावरची औषधे आल्यावरही औषध रुग्णालयातच द्यावे, असा आग्रह कायम होता. तो मोडला मद्रासच्या प्रयोगाने. तेथे १९३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून काहींना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना शहरातील त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच वर्षभर तीच औषधे दिली. सॅनेटोरियममधल्यांना आहार, विश्रांती, शुश्रूषा सारेच सरस मिळाले आणि त्यांचे वजनही अधिक वाढले. परंतु १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रोग आटोक्यात येण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच निघाले. घरातल्या इतरांना लागण होण्याचे प्रमाणही घरी उपचार घेतल्यामुळे वाढले नाही, आणि माझ्या मते खाटांची सक्ती खरी उठली ती या दुसऱ्या निष्कर्षाने. पुढे १९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने घरीच उपचार हे धोरण स्वीकारले. आपल्या आजोबांच्या पत्रांत वजनाचे उल्लेख आहेत का?

कृष्णाकाठ:
प्रत्येक पत्रात आहेत, तेही पौंडांत. पहिल्या पत्रात ९४ आणि शेवटच्यात ११८. आजीने त्या आकड्यांखाली पेन्सिलीने रेघा ओढून ठेवल्या आहेत. ताप आणि हवेच्या ओळींखाली मात्र एकही रेघ नाही.