विद्युताग्र, इलेक्ट्रोड की थर? अमोनियाच्या सेन्सरपायी पडलेला प्रश्न

उद्यमबाग, बेळगाव

मंडळी, शब्दासाठी मदत हवी आहे. गॅस डिटेक्टर दुरुस्त करायचं माझं छोटं वर्कशॉप आहे. एका फाउंड्रीच्या शेल कोअर विभागासाठी, म्हणजे ओतकामाच्या साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे बनतात तिथल्यासाठी, मराठीत सूचनापत्रक लिहायला घेतलंय. कोअरची वाळू बांधून ठेवणाऱ्या रेझिनमध्ये हेक्झामिन नावाचं रसायन असतं, ते तापलं की अमोनिया सुटतो. त्यासाठी तिथे सेन्सर बसवलेत. कामगार निम्मे मराठी, निम्मे कानडी. कानडी पत्रक दुसरे एक जण लिहितायत, मराठी माझ्याकडे आहे.

पहिल्याच ओळीला अडलो. शाळेत शिकलेला शब्द 'विद्युताग्र' लिहिला आणि एका जुन्या मोल्डरमामांना वाचायला दिला. ते म्हणाले, "अग्र म्हणजे टोक न्हवं? मग टोक कुठाय गा ह्याला?" त्यांचं बरोबर आहे. सेन्सरचा सेल, म्हणजे गॅस लागला की वीज देणारी डबी, उघडला की आत नाण्याएवढा टेफ्लॉनचा पातळ, सच्छिद्र पडदा दिसतो आणि त्यावर प्लॅटिनमच्या भुकटीचा काळा थर. टोक असं कुठेच नाही. मग खोडून 'इलेक्ट्रोड' लिहिलं, तर शेजारचा वेल्डर म्हणाला, "काडी व्हय?" आमच्याकडे इलेक्ट्रोड म्हणजे वेल्डिंगची काडी, त्याचाही दोष नाही.

तर ह्या काळ्या थराला काय म्हणावं?

निपाणी

मी 31 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून थोडं मागून सांगतो. इलेक्ट्रोड हा शब्द फॅरडेने 1834 मध्ये विल्यम ह्यूएल ह्या विद्वानाच्या सल्ल्याने रूढ केला. त्यातल्या ग्रीक 'होडॉस'चा अर्थ वाट. म्हणजे मूळ शब्दात टोक नाहीच, विजेची ये-जा व्हायची वाट आहे. त्याआधी 'ध्रुव' ह्या अर्थाचा शब्द चालायचा. पण ध्रुव म्हटलं की ओढून घेणं मनात येतं, म्हणून फॅरडेला तो नको होता. आपण भाषांतर करताना वाट सोडली आणि अग्र धरलं. तांब्याच्या पट्ट्या द्रावणात बुडवायच्या प्रयोगात ते खपून गेलं, तुमच्या सेलमध्ये खपत नाही.

ॲनोडला 'धनाग्र' आणि कॅथोडला 'ऋणाग्र' हे शब्द तर पत्रकात मुळीच घालू नका. बाहेरून बॅटरी लावून द्रावणाचं अपघटन करतो, म्हणजे विजेने ते फोडतो, तेव्हा ॲनोड धन असतो हे खरं. पण सेल स्वतःच वीज निर्माण करत असेल, तर तोच ॲनोड ऋण टोक ठरतो. पोरांना हे समजावताना दर वर्षी माझी दमछाक व्हायची, आणि चूक पोरांची नव्हती, शब्दाची होती. फॅरडेने चिन्हं टाळून दिशा घेतली होती: ॲनोड म्हणजे वर जाणारी वाट, सूर्य उगवतो तिकडची, आणि कॅथोड म्हणजे खाली जाणारी, मावळतीची.

उद्यमबाग, बेळगाव

गुरुजी, हे माझ्या कामाचंच निघालं. बाहेरून विजेचा दाब (व्होल्टेज) न देता चालणाऱ्या सेन्सरमध्ये अमोनियाचं ऑक्सिडीकरण होतं तो थर ॲनोडच, पण मीटर लावला की ऋण. पलीकडच्या थरावर हवेतल्या ऑक्सिजनचं पाणी होतं. अमोनियाच्या दोन रेणूंमागे सहा इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यांचाच प्रवाह आपण मोजतो, तोही नॅनोअँपिअरच्या मापात. म्हणजे नुसता थर म्हणून भागणार नाही. कामाचा थर, जोडीचा थर आणि ज्याच्या तुलनेत दाब स्थिर ठेवायचा तो तिसरा, अशी तीन नावं लागतील.

निपाणी

कामाचा थर आणि जोडीचा थर छान. तिसऱ्याला 'संदर्भ' नका म्हणू, तो पुस्तकाच्या शेवटी शोभतो. 'स्थिर थर' म्हणा.

येळ्ळूर

मथळ्यात 'इलेक्ट्रोडचे साहित्य' असं लिहिणार असाल तर थांबा. बांधकामाचं साहित्य, पूजेचं साहित्य बरोबरच आहे, पण आमच्या येळ्ळूरला, कडोलीला, उचगावला साहित्य म्हटलं की आधी संमेलनाचा मांडव डोळ्यांपुढे येतो. 'थर कशाचा' एवढं पुरेल.

खानापूर

दादा, मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय. थर कशाचा हे लिहाल तिथे एक शब्द सुचवते, तो म्हणजे धरसोड.

आपण तो दोष म्हणून वापरतो, धरसोड वृत्तीचा माणूस वगैरे. उत्प्रेरकाचा, म्हणजे स्वतः न खपता क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थाचा, मात्र हाच गुण असतो. अमोनियाच्या ऑक्सिडीकरणात धातूने रेणू धरला पाहिजे, त्याचे हायड्रोजन एकेक करून काढले पाहिजेत आणि उरलेला नायट्रोजन जोडीने सोडून दिला पाहिजे. सोनं नीट धरतच नाही. रुथेनियम घट्ट धरतं आणि सोडत नाही. प्लॅटिनम आणि इरिडियम ह्या दोघांना धरणंही जमतं, सोडणंही जमतं. प्लॅटिनममध्ये इरिडियम मिसळलं तर क्रिया विजेच्या कमी दाबावर सुरू होते. पॉल साबातिए ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने हे तत्त्व शिकवतात, त्यांना 1912 चं नोबेल मिळालं होतं. वर्गात मी ते इंग्रजीत पाठ केलं होतं. घरी आईला सांगायला बसले तेव्हा तोंडातून 'धरसोड' आला आणि मलाच ते पहिल्यांदा नीट कळलं.

उद्यमबाग, बेळगाव

ताई, हा शब्द मी घेतला. आता दुसरी अडचण ऐका, मला हीच जास्त महत्त्वाची वाटते. कंपन्यांच्या इंग्रजी माहितीपत्रकात सेन्सरला 'विष चढतं' अशा अर्थाचा शब्द असतो. मी 'सेन्सरला विषबाधा' असं लिहिलं, तर एका पोराने विचारलं, "मग हात लावायचा का नाही त्याला?" विष शब्दाने माणसाची भीती सेन्सरकडे वळते आणि खरा धोका हवेत राहतो.

कामगारांचा स्वतःचा शब्द वेगळाच आहे. वास यायलाय आणि आकडा शून्यावर, असं झालं की ते म्हणतात, "सेन्सर आंधळा झालाय." ह्याच्याइतकं नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. कारण आंधळा सेन्सर आणि स्वच्छ हवा, दोन्हींचा आकडा एकच, शून्य. माहीत असलेल्या प्रमाणाचा अमोनिया सेन्सरवर सोडून बघितल्याशिवाय फरक कळत नाही. प्रश्न एवढाच की आंधळा का झाला, ते कसं सांगू?

खानापूर

जागा अडली म्हणून. रेणूचे सगळे हायड्रोजन निघून गेले तर नायट्रोजनचा सुटा अणू प्लॅटिनमवर बसून राहतो. त्याआधीच्या अवस्थेतले, थोडे हायड्रोजन अजून शिल्लक असलेले दोन तुकडे एकमेकांना भेटून सुटतात, हा एकटा मात्र सुटत नाही. गेरिशर आणि मॉएरर ह्या शास्त्रज्ञांनी 1970 मध्ये मांडलेली ही उपपत्ती अजून शिकवतात. विष कुठेच नाही, अडवणूक आहे. धरसोडीतली सोड थांबली.

निपाणी

वासाबद्दल एक पुरवणी. अमोनियाला 'दुर्गंधी' लिहू नका, दुर्गंधी मेलेल्या उंदराला येते. आमच्या तंबाखूच्या वखारीत 'खाट' म्हणतात, कानडीत 'घाटु', नाकाडोळ्यांना झोंबणारा. ज्यांनी लहानपणी कल्हईवाल्याने भांड्यात नवसागर टाकताना पाहिलंय त्यांना दुसरं काही सांगावं लागत नाही. आणि अमोनिया हे नावही आमोन देवाच्या मिठावरून, म्हणजे नवसागरावरूनच आलेलं आहे.

उद्यमबाग, बेळगाव

खाट घेतला. पण नाकावर विसंबू नका हेही लिहायला हवं, कारण वासाची सवय होऊन जाते. आठ तासांच्या पाळीसाठी 25 पीपीएम ही नेहमी धरतात ती मर्यादा, आणि 300 पीपीएमला जिवाला तात्काळ धोका. पीपीएम म्हणजे दहा लाखांत इतके भाग, असं एकदा लिहून पुढे पीपीएमच ठेवतोय.

मसुदा असा झालाय: "ह्या सेन्सरच्या आत प्लॅटिनमचा कामाचा थर आहे. तो अमोनिया धरतो, फोडतो आणि सोडतो, त्यातून वीज मिळते. थरावरची जागा अडली की सेन्सर आंधळा होतो आणि खाट असतानाही शून्य दाखवतो. खाट जाणवला तर आकडा बघत थांबू नका, आधी बाहेर या." इलेक्ट्रोड शब्द फक्त सुटे भाग मागवायच्या तक्त्यात ठेवलाय, तिथे दुकानदाराला तोच कळतो.

आज सकाळी मोल्डरमामांना परत वाचायला दिला. ह्या वेळी टोकाबद्दल काही विचारलं नाही. म्हणाले, "अडलेली जागा पुन्हा मोकळी होत नाही काय?" मी सांगितलं, स्वच्छ हवेत ठेवल्यावर थोडीफार होते, सगळी होत नाही, म्हणून सेल बदलावा लागतो. ते म्हणाले, "मग तेबी लिही की खाली." लिहिलं.