मदत हवी आहे: काकांचा याशिका मॅट १२४जी

मंडळी, मालवणहून लिहितोय. काकांचा हा दोन भिंगांचा फिल्म कॅमेरा वीसेक वर्षं लाकडी कपाटात पडून होता. आमच्याकडचा पावसाळा ठाऊकच आहे, कपाटातल्या चामडी चपलांनाही बुरशी येते. १/१२५ सेकंदाच्या वरचे, म्हणजे वेगवान शटर-स्पीड ठीक वाजतात, पण १ सेकंद ते १/८ वर शटर उघडतं आणि तसंच अडकून राहतं. आतलं जुनं वंगण घट्ट झालं असावं. खालच्या, म्हणजे फोटो घेणाऱ्या भिंगात बुरशीचं जाळंही दिसतंय. एका दुरुस्तीवाल्याने 'डिजिटल घ्या' म्हणत हात वर केले. गोवा, कोल्हापूर किंवा मुंबईत यातलं कोपाल कंपनीचं शटर खोलून साफ करणारं कुणी आहे का? शेजारच्या भाऊंनी शिलाई मशीनचं तेल आणून ठेवलंय, त्यांना कसंबसं थोपवलंय!