इंग्रजीनं तुमची पलटी केलेले किस्से सांगा

शिरोलीकर:
काल भाची फोनवर ओरडत होती, "आय एम डेड, आय एम डेड!" आई लाटणं हातात घेऊनच बाहेर. पोरगी हसून लोळत होती. मेले म्हणजे म्हणे हसून मेले. त्यावरून जुनं आठवलं.

फाउंड्रीत नवीन लागलो तेव्हा इंग्लंडचा एक कस्टमर कास्टिंग बघायला आठवडाभर आलेला. रोज सकाळी मला बघून, "यू ऑलराइट?" पहिल्या दिवशी म्हटलं, येस सर. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी आरशात तोंड बघून आलो. चौथ्या दिवशी खरं सांगून टाकलं, सर, थोडी ॲसिडिटी आहे, रात्री तांबडा जास्त झाला. तो तोवर पाच पावलं पुढं गेलेला. थांबला, वळला, आणि काय बोलावं ते त्याला सुचेना. शेवटी मेंटेनन्सच्या काकांनी सोडवलं, "अरे, आपण रस्त्यात विचारतो न्हवं, जेवलास काय? म्हणून काय लगेच ताट वाढतोय व्हय?"

तुमचेही येऊ द्यात.

पेठेतली_सून:
पर्थला नवीन होते तेव्हाचं. शेजारणीनं घरी बोलावलं, "जस्ट ब्रिंग अ प्लेट." वाटलं, बिचारीकडं भांडी कमी असतील. एकच कशी न्यायची, म्हणून सहा नेल्या. स्टीलच्या, लग्नातल्या, मागं मामाचं नाव आणि तारीख घातलेल्या. तिथं बघते तर सगळ्या बायकांनी काहीबाही करून आणलेलं. तिकडं प्लेट आण म्हणजे त्यात खायचं घालून आण! बाई भली, तिनं माझ्या ताटल्या पुसून मांडल्या. आणि मागचं वाचून विचारलं, हा तुमच्याकडचा ब्रँड का?

मंगळवार_पेठी:
मामा ब्रँड 😂 नादखुळा

ऊन_पाऊस:
ताटल्या परत आल्या का पण सगळ्या? आमची एक परात वास्तुशांतीला गेली ती गेलीच.

पेठेतली_सून:
पाच आल्या.

चकातला_जॉब:
आमचे वडील उद्यमनगरात टर्नर. लेथच्या चकात, म्हणजे तुकडा धरणाऱ्या जबड्यात, जो तुकडा बांधून कापायचा त्याला तिथं सगळे जॉबच म्हणतात. मला नोकरी लागली तेव्हा पळत जाऊन सांगितलं, पप्पा, जॉब लागला! मान वर न करता म्हणाले, "मग चक घट्ट आवळ." अजून कळलेलं नाही, चेष्टा होती का सल्ला. आता नाहीत ते.

ऊन_पाऊस:
🙏

रंकाळा_ते_लीड्स:
ऑफिसातल्या एकानं "टी"ला बोलावलं, हाफ सिक्सला. आधी तर साडेपाच का साडेसहा यातच अर्धा दिवस गेला (साडेसहा). चहालाच जायचंय म्हणून घरून भात-आमटी दाबून गेलो. तिथं मोठं जेवण मांडलेलं. उत्तर इंग्लंडात बरेच लोक संध्याकाळच्या जेवणालाच टी म्हणतात. सगळं खाल्लं, करतो काय. आणि चहा शेवटपर्यंत मिळाला नाही राव.

निवृत्त_गुरुजी:
आमच्या पिढीला ए बी सी डी पाचवीत. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. त्यामुळे पुस्तकातलं इंग्रजी पक्कं, पण बोलण्यातलं ऐकलंय कुणी? पण एक सांगतो, देवाणघेवाण दोन्हीकडून आहे. इंग्रजीतला मंगूज हा आपला मुंगूसच. अनेकवचन मात्र मंगूजेस, गूजचं गीज होतं तसं नाही. वर्गात दरवर्षी एक तरी पोरगं मंगीज लिहायचंच.

मंगळवार_पेठी:
गुरुजी मी लिहिलेलं 🙋

आयटीवाला_भावा:
अमेरिकेत दवाखान्यात. नर्स बीपी घेताघेता गप्पा मारत होती, शिक्षण कुठं झालं? मी ऐटीत, "आय पास्ड आउट इन २०११." तिचा हात थांबला. "हाउ लाँग?" म्हटलं, फोर इयर्स. तिकडं पास्ड आउट म्हणजे बेशुद्ध पडणं. ती डॉक्टरला बोलवायला निघालेली.

सुगरण_राजारामपुरी:
चार वर्षं बेशुद्ध 😂😂 इंजिनिअरिंगच ना? मग खोटं काय बोललास

माझा नातू मिसळ खाऊन म्हणाला, आजी, सिक! मी ओवा काढून ठेवला. त्याला म्हणे लई भारी म्हणायचं होतं. सुनेला म्हटलं, आजारी म्हणजे भारी, ही कसली तऱ्हा. तर ती म्हणते, आपण नाही का चांगलं झालं की जाळ आणि धूर संगटच म्हणत? गप्प बसले. कुकर झाला, येते.

मंगळवार_पेठी:
मिसळ कुठली पण?

सुगरण_राजारामपुरी:
घरची. कट आमचा.

रंकाळा_ते_लीड्स:
इथं मिसळीवरनं भांडणं नकोत हं, मागच्या वेळी दोघं ग्रुप सोडून गेले.

शिरोलीकर:
अजून एक राहिलंच. अमेरिकन कस्टमर फोनवर म्हणाला, रेटचं आपण "टेबल" करू. मी रात्रभर बसून तक्ता केला. तिकडं टेबल करणं म्हणजे विषय बाजूला ठेवणं. गंमत बघा, इंग्लंडवाल्यांकडं नेमकं उलटं, विषय चर्चेला घेणं. एकच शब्द, दोन गिऱ्हाईकं, आणि मधी मी.

नवखा_२२:
वाचून घाम फुटला. उद्या ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे, साहेब बाहेरचा. व्हॉट्स अप विचारलं तर काय म्हणू?

शिरोलीकर:
नॉट मच म्हण आणि पुढं चल. ॲसिडिटीचं काढू नकोस.