थारचा हार्डटॉप उतरवून ठेवण्यासाठी घरच्या घरी स्टँड कसा करावा?

प्रश्न | कारेलीबागकर

आमच्याकडे महिंद्राची जुन्या पिढीची थार ही जीप असून तिच्यावर बाहेरून बनवून घेतलेला फायबरचा हार्डटॉप, म्हणजे काढता-घालता येणारे कडक छत, आहे. दिवाळीनंतर तो उतरवायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा चढवायचा, असा आमचा शिरस्ता आहे. मधले महिने तो नीट राहावा म्हणून चाकांचा स्टँड करण्याचा विचार आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जागा जेमतेम एका स्कूटरएवढी मिळते. अशा वेळी टॉप आडवा ठेवावा की मागची बाजू खाली करून उभा करावा, आणि लाकूड घ्यावे की लोखंड, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर | मकरपुरा

एवढ्या जागेत टॉप उभाच ठेवावा लागेल. मात्र आधी त्याचा भार कशावर येणार ते ठरवा, कारण सगळे त्यावर अवलंबून आहे. गाडीवर असताना टॉप बोल्टच्या भोकांजवळच्या जाड पट्टीवर पेललेला असतो आणि रबराचे काम फक्त पाणी अडवण्याचे असते. ते रबर महिनोन्‌महिने वजनाखाली दबून राहिले, तर पुन्हा फुगत नाही आणि पुढच्या पावसात तिथूनच पाणी झिरपते. म्हणून स्टँडला दोन उभे खांब घ्या, टॉपच्या मूळ भोकांतूनच बोल्ट घालून तो खांबांना अडकवा आणि खाली फक्त मागच्या दोन कोपऱ्यांना गादी द्या. मागची काच या दोन गाद्यांच्या मध्ये मोकळी राहिली पाहिजे. तिच्यावर काडीचाही भार नको.

लाकडापेक्षा 40 मिमीचा, 2 मिमी जाडीचा चौकोनी लोखंडी पाइप बरा. तो मीटरला साधारण 2.4 किलो भरतो, म्हणजे 6 मीटरची एक लांबी 14 किलोंच्या आसपास जाते. वेल्डिंग झाल्यावर सांधे घासून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा अस्तराचा रंग) लावल्याशिवाय वरचा रंग देऊ नका. गादीसाठी एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम चालतो, पण त्यावर सुती कापड गुंडाळा, नाहीतर उन्हाळ्यात त्याचा डाग पांढऱ्या फायबरवर उमटू शकतो.

पाया अरुंद ठेवण्याचा मोह होईल, तो टाळा. वजनाचा मध्य जमिनीपासून 75 सेंमीवर आणि पायाच्या कडेपासून 40 सेंमी आत असेल, तर स्टँड सुमारे 28 अंश कलेपर्यंत तग धरतो. तेच अंतर 20 सेंमी केले, तर 15 अंशांतच कलंडतो. पार्किंगमध्ये मुले खेळतात, हे लक्षात असू द्या.

उत्तर | समा रोड

वरील सूचना मला पटते. तरी बडोद्यात राहणाऱ्याने एक गोष्ट अधिक पाहावी. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी आपल्या भागात शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये ठेवलेले काहीच सुरक्षित नव्हते. छत भक्कम आणि स्वतःचे असेल, तर मी पुलीने टॉप आडवा वर टांगणे पसंत करीन. सोसायटीच्या स्लॅबला मात्र परवानगीशिवाय भोके पाडू नयेत. आपला टॉप पावसाळ्यात गाडीवरच असतो, त्यामुळे आपल्याला स्टँड पुरेसा आहे. फक्त जून लागण्यापूर्वी तो चढवण्यात चालढकल करू नका.

कारेलीबागकर

दोघांचेही मनापासून आभार. बोल्टच्या भोकांचा उपयोग करता येईल, हे ध्यानातच आले नव्हते. आता त्यांच्यातील अंतरे कार्डबोर्डवर उतरवून तोच नमुना वेल्डरकडे देईन. चाके कोणती घ्यावीत आणि मागची काच उघडल्यावर तिला वर धरून ठेवणारे गॅसचे दांडे काढून ठेवावेत का, एवढे सांगावे.

उत्तर | मकरपुरा

चाके 4 इंची पॉलियुरेथेनची, चारही हव्या त्या दिशेला वळणारी आणि त्यांतील दोन ब्रेकची घ्या. नायलॉनची चाके फरशीवर फार आवाज करतात. दांडे काढून ठेवा, आणि ठेवताना बारीक दांडी खाली व जाड नळी वर राहील असे उभे ठेवा, म्हणजे आतले तेल सीलवर राहते आणि सील सुकत नाही. बोल्ट व वायसर एका पिशवीत घालून ती पिशवी स्टँडलाच बांधून टाका.