आडलाईनचं टेसन : तुमचे अनुभव लिहा

मोठ्या जंक्शनांवर लिहिणारे खूप आहेत. इथे बोलायचंय ते मूर्तिजापूर–अचलपूर, मूर्तिजापूर–यवतमाळ, पाचोरा–जामनेर, बार्शी लाईट असल्या अडीच फुटी रुळांवरच्या बारक्या स्टेशनांबद्दल. लाईन बांधणारी किलिक-निक्सन कंपनी, तिची रॉयल्टी, १९२१ चं मँचेस्टरचं इंजिन, १९९४ ला आलेलं डिझेल हे शकुंतलेचं (मूर्तिजापूरच्या या गाड्यांचं लाडकं नाव) पुराण पेपरात वाचून सगळ्यांना पाठ झालंय. तुम्ही स्टेशनावरचं सांगा. कोण चढायचं, काय चढायचं, बाकावर कोण घोरायचं.

सुरुवात मीच करते. पथ्रोट माझं मामाचं गाव. स्टेशन म्हणजे एक खोली, पुढे पडवी आणि कडुनिंब. स्टेशनमास्तर आमच्या वेळेला नव्हताच. गाडी थांबली की गार्डच उतरायचा, पडवीतून आत जाऊन खिडकी उघडायचा आणि तिकिटं द्यायचा. मग खिडकी लावून, कुलूप घालून, शिट्टी मारून परत आपल्या डब्यात. तोवर ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत उभा. एखादी म्हातारी शेताच्या बांधावरून हात करत यायची, "थांब ना बाप्पा, येऊन राह्यली मी!" आणि गाडी थांबायची. फाटक आलं की गाडीतलाच माणूस उतरून ते लावायचा, गाडी पुढे गेली की उघडून पळत येऊन चढायचा. मागनं दुसरी गाडी येण्याची भीती नव्हती, कारण दुसरी गाडीच नव्हती.

अंजनगावला पानांचे डाग, म्हणजे गठ्ठे, चढायचे. ओल्या फडक्यात गुंडाळलेले, वर पाण्याचा शिपका. अख्खा डबा विड्याच्या पानांनी घमघमायचा. पानपिंपरीची (मिरीसारखी तिखट औषधी) पोती असली तर शिंका.

बनोसाकर : दर्यापूरचं स्टेशन बनोसा, हे बाहेरच्याला कळत नाही आणि तो दर्यापूरचं तिकीट मागत बसतो. आमचे आजोबा अडत्याकडे दिवाणजी. ही लाईन माणसांसाठी नव्हतीच, कापसासाठी होती, असं ते सांगायचे. वऱ्हाडातल्या रुईच्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढवायच्या, तिथून मुंबई आणि मग बोटीनं विलायत. आम्ही पाहिलं तेव्हा मालधक्क्यावर गवत होतं आणि त्यात बकऱ्या. पत्ते कुटायला मात्र जागा फर्स्ट क्लास. गाडी यायची चाहूल पहिल्यांदा कुत्र्यांना लागायची.

नाव_नको : फार गोड लिहून राह्यले सगळे. माझी लाईन कोणती ते सांगत नाही, पण आमच्या गावात ज्याच्या खिशात एसटीचे पैसे असत तो या गाडीत बसत नसे. ताशी वीसच्या आसपास वेग. पावसात भराव खचला की गाडी बंद, कधी सुरू होणार हे सांगायला स्टेशनात माणूस नाही. खडूनं लिहिलेली जुनी वेळ फळ्यावर तशीच. माझी आई वहिनीच्या बाळंतपणाला निघाली, पडवीत दुपारपर्यंत बसली, शेवटी बैलगाडीनं फाट्यावर गेली. पोचली तेव्हा पोरगं झालेलं होतं. पण एक खरं आहे : मजुरीला जाणाऱ्या बायांना तेवढ्या पैशात दुसरं काहीच परवडत नव्हतं. गाडी बंद झाली तेव्हा रडल्या त्या. फोटो काढायला येणारे नंतर आले.

शेंदुर्णी : वरच्याला अनुमोदन. आमची पीजे, पाचोरा–जामनेर, ५६ किलोमीटर. शाळा-कॉलेजची पोरं, दूधवाले, बाजाराच्या दिवशी कोंबड्यासुद्धा. किटल्या खिडकीच्या गजाला बाहेरून टांगलेल्या, वळणावर एकमेकींवर आपटायच्या. त्या आवाजावरून आजी चहाचं आधण ठेवायची. मार्च २०२० ला टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. आता मोठी लाईन बोदवडपर्यंत नेणार आहेत. चांगलंच आहे. पण मोठी गाडी शेंदुर्णीला किती वेळ थांबेल आणि थांबेल तरी का, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

कुर्डुवाडीचा भाचा : बार्शी लाईटची आठवण ऐकीव आहे, चालेल ना? १८९७ ला पहिला तुकडा सुरू झाला तेव्हा कुर्डुवाडीचं नावच बार्शी रोड होतं. पणजोबा हमाल. आषाढीला वारकरी इतके की मालाचे डबे जोडायचे आणि लोक त्यात उभ्यानं पंढरपूर गाठायचे. डब्यात टाळ वाजायला लागले की हमालही पाटी खाली ठेवून "विठ्ठल विठ्ठल" करायचे, आणि माल राहायचा फलाटावर. साहेब ओरडायचा म्हणे. कोण ऐकतो!

रूळवेडा : पुठ्ठ्याची तिकिटं कुणी जपून ठेवलीत का? तारखेचा छाप मारायचं ते लोखंडी यंत्र ठाक्कन वाजायचं, ते?

बनोसाकर : आहे एक. बनोसा ते अंजनगाव, हाफ. पोरासाठी हाफ द्यायचा तर बाबू पूर्ण तिकिटाचा तुकडा कात्रीनं कापून स्वतःकडे ठेवायचा, हिशेबाला. त्यामुळे माझ्याकडचं कापलेलं आहे, आणि मागं वडिलांनी पेन्सिलीनं किराण्याची यादी केलीय : गूळ, राकेल, वाती. विकायचं नाही. निरोपात भाव विचारू नका.