मदत हवी आहे : इशिगाकी शहर दोन दिवसांत पायी कसं बघावं?

खारेवारे
फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जपानच्या ओकिनावातल्या इशिगाकीत दोन रात्री मुक्काम आहे, फेरी टर्मिनलजवळ. चौघं आहोत, त्यातले दोघं सत्तरीचे. गाडी चालवणार नाही. शहरात पायी काय काय होईल? काबिरा उपसागर नकाशावर जवळ दिसतो, चालत जमेल का? सगळे शाकाहारी, दोघं अंडं खातात.

दगडफूल
काबिरा चालत विसरा. अठरा-वीस किलोमीटर आहे, बसने जा. नकाशात बेट चिमुकलं दिसतं म्हणून सगळेच फसतात. पश्चिमेकडची तोजिन-बाका ही चिनी मजुरांची समाधीसुद्धा पाच-सहा किलोमीटरवर आहे. पायी फिरायचं ते इशिगाकी, ओकावा, तोनोशिरो आणि आराकावा या चार जुन्या वस्त्यांत.

टर्मिनलपासून पाच मिनिटांत ७३० चौक लागतो. ३० जुलै १९७८ ला ओकिनावात वाहतूक उजवीकडून डावीकडे आली, त्याची ती खूण. (रस्ता ओलांडताना आपल्याला सवय बदलावी लागत नाही, एवढं बरं.) मागेच छत असलेली बाजारपेठ आहे, युग्लेना मॉल. दुकानं दहाच्या आसपास उघडतात, त्यामुळे ती दुपारसाठी किंवा पावसासाठी राखून ठेवा.

सकाळी आधी मियारा दुन्ची, साधारण पंधरा मिनिटं. १८१९ चा हा अधिकाऱ्याचा वाडा मालकाच्या हुद्द्याला झेपणारा नव्हता, म्हणून शुरीच्या (तेव्हाच्या र्‍युक्यू राज्याच्या राजधानीच्या) दरबाराने तो पाडायचा हुकूम पुन्हा पुन्हा काढला. शेवटी १८७५ मध्ये कौलं उतरवून गवताचं छप्पर घालावं लागलं. आताची लाल कौलं त्यानंतरची. वाडा अंगणातूनच बघायचा असतो. दुरुस्तीसाठी बंद नाही ना, हे आदल्या दिवशी हॉटेलात विचारा.

तिथून पश्चिमेला तोरिन-जी. झेन पंथाचं हे देऊळ १६१४ चं, शेजारचं गोंगेन-दो हे शिंतो देवस्थानही तेव्हाचंच. २४ एप्रिल १७७१ च्या त्सुनामीत दोन्हींचं नुकसान झालं. गोंगेन-दो १७८६ मध्ये पुन्हा उभं राहिलं. तोरिन-जीच्या दारातले लाकडी द्वारपाल त्या लाटेत वाहून गेले होते, पुढे किनाऱ्याला सापडले. हे माहीत असेल तरच त्यांच्यापुढे थांबावंसं वाटतं, नाहीतर लोक दोन मिनिटांत फोटो काढून निघतात. हा अख्खा पायी फेरफटका रमतगमत अडीच तासांचा. ज्येष्ठांसाठी मधे बसून घ्या.

गल्लीबोळ
मोठ्या रस्त्यानेच गेलात तर हे शहर सिमेंटचं, रटाळ वाटेल. समांतर गल्ली धरा. तिथे प्रवाळाच्या दगडाच्या भिंती आणि वारा अडवायला लावलेली फुकुगीची झाडं दिसतात. फाटकाच्या आत घरासमोर आडवी छोटी भिंत असते, ती हिम्पुन. तिठ्यावर समोरच्या भिंतीत कोरलेला दगड दिसला तर तो इशिगान्तो. दुष्ट शक्ती सरळ रेषेत चालते आणि या दगडावर आपटते, अशी समजूत आहे.

घरांमध्येच दाट झाडीचे तुकडे लागतील. त्यांना इथे 'ओन' म्हणतात (ओकिनावात इतरत्र उताकी). कोकणातली देवराई डोळ्यापुढे आणा. मियातोरी-ओन आणि मिसाकी-ओन शहरातच आहेत. तोरी कमानीपासून पुढच्या खोपटापर्यंत जायला सहसा हरकत नसते, त्यामागच्या कुंपणाच्या आत मात्र पाऊल टाकायचं नाही. पान तोडू नका, दगड उचलू नका, पूजा चालू असेल तर बाहेरूनच वळा. गवतात शिरू नका, अंधारात तर नाहीच. या बेटावर हाबू हा विषारी साप आहे.

मीठमसाला
खाण्याचं अवघड आहे. याएयामा सोबाच्या (इथल्या नूडल्सच्या) रश्शात डुकराची हाडं आणि कात्सुओ मासा असतो. वरचं मांस काढून चालत नाही, रस्साच मांसाहारी. गोया चांपुरूतही (कारल्याच्या परतलेल्या भाजीत) बहुधा डुक्कर असतं. विचारायचं वाक्य : "कात्सुओ दाशी हाइत्ते इमास का?" (कात्सुओचं पाणी घातलंय का?) दाशी म्हणजे हे पाणी आधीच शिजलेलं असतं, ते कुणी काढून देऊ शकत नाही. हो म्हणाले तर दुसरा पदार्थ बघा.

जिमामी तोफू हे शेंगदाण्याचं दूध आणि रताळ्याचा स्टार्च यांचं असतं, पण वरच्या सॉसबद्दल विचाराच. साता आंदागी हे तळलेले गोड गोळे, त्यात अंडं असतं, तेव्हा दोघांपुरते. भात, फळं सुपरमार्केटातून घ्या. टेबलावरची पिपाची नावाची मिरपूड भातावर घालून बघा, आपल्या पिंपळीची जातभाई आहे.

खारेवारे
आभार! कपडे काय? आणि ताकेतोमी बेट त्यात बसेल का?

दगडफूल
सरासरी एकोणीस अंशांच्या आसपास, पण ईशान्येचा वारा आणि भुरभुर पाऊस. छत्री उलटते, टोपीचं पातळ जॅकेट आणा. सूर्य सव्वासातनंतर उगवतो, मावळतो साडेसहाच्या सुमारास, तेव्हा सहाला उठून निघू नका.

ताकेतोमी फेरीने दहा-पंधरा मिनिटं. मधला समुद्र प्रवाळाच्या आडोशाला असल्याने ही फेरी क्वचितच रद्द होते. हिवाळी वाऱ्यात बंद पडतात त्या मुख्यतः हातेरुमा बेटाच्या आणि इरिओमोते बेटावरच्या उएहारा बंदराच्या. गंमत म्हणजे ताकेतोमीची नगरपालिका कचेरी इशिगाकीतच आहे. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेऱ्यांपैकी एक पकडा, दुपारी परत या, मग बाजारपेठ.

विमानतळाच्या बससाठी सुटे पैसे ठेवा. बसमधल्या यंत्रात हजार येनची नोट मोडते, दहा हजारांची नाही.